उपकेंद्रातली डिप्रेशनची तपासणी, पाचपैकी चार स्टार

अण्णांची (वडील, वय ६१) ही तपासणी दोनदा झाली, प्रश्न तेच नऊ होते पण उत्तरं एकदम वेगळी आली, म्हणून हे लिहायलोय.

आम्ही बीड जिल्ह्यातले. २०२५च्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हापासून अण्णांचं बोलणं कमी झालं. उदास, निराश हे शब्द त्यांच्या तोंडात कधीच नव्हते, ते म्हणायचे डोकं जड पडलंय, झोप येईना, कशात मन लागंना. बीपी, शुगर, ईसीजी सगळं करून झालं, सगळं ठीक, आणि पहाटे ३ वाजता उठून बघावं तर अण्णा ओसरीवर, न पेटवलेली बिडी हातात धरून बसलेले.

पहिली तपासणी एका शिबिरात झाली, कुणाचं ते जाऊ द्या. मांडवात अर्धी भावकी बसलेली आणि एक पोरगी फॉर्म बघून मोठ्यानं वाचायली, "उदास वाटतं का?" अण्णा म्हणाले नाही. आई मधीच म्हणाली, "त्यांना काय झालंय, चांगलं जेवतेत की." दोन मिनिटांत नऊच्या नऊ प्रश्नांपुढं शून्य. तो कागद बघून मी निर्धास्त झालो आणि दोन महिने तसेच गेले, त्याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्यांदा उपकेंद्रात बीपीची गोळी आणायला गेलो होतो. सीएचओ मॅडमनी (उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी) आधी दोनच प्रश्न विचारले, कशात मन लागतं का आणि जीव उदास होतो का. त्या उत्तरांच्या गुणांची बेरीज ३ किंवा जास्त आली की पूर्ण पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशनची ती नऊ प्रश्नांची यादी, विचारायची असते. मग त्यांनी मला आणि आईला बाहेर बसवलं, दार लोटून घेतलं. प्रश्न कागदावरचेच पण अण्णांच्या बोलीत, "मागच्या पंधरा दिवसांत बैलांकडं जायला मन झालं का, किती दिवस नाही झालं?" वीस मिनिटं लागली. २७पैकी १४ आले. १० किंवा त्याच्या पुढं गेलं की डॉक्टरला दाखवायचंच.

नवव्या प्रश्नाचं अण्णांनीच नंतर सांगितलं. "म्याडमनं सरळ इचारलं, जीव नकोसा होतो का म्हणून. लई हलकं वाटलं बघ, कुणीतरी इचारलं." असं विचारलं की माणसाच्या डोक्यात भलतंच भरतं, असं बऱ्याच जणांना वाटतं, ते खरं नाही.

मॅडमनी चिठ्ठी देऊन अंबाजोगाईला मानसोपचारच्या ओपीडीत पाठवलं. नुसत्या स्कोअरवर तिथं गोळी दिली नाही, थायरॉईड तपासलं, दारूचं विचारलं, आणि आधी कधी झोप न घेताही अंगात भलताच जोर, उत्साह असायचा का हेही विचारलं, कारण तसं असलं तर आजार वेगळा आणि औषधही वेगळं. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच बंद करू नका, हे दोनदा बजावलं. रात्री-अपरात्री लागला तर टेलिमानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन) १४४१६ नंबर दिला, तो फुकट आहे.

एक स्टार कापला तो पुढच्या ढिलाईसाठी. १४ आकडा रजिस्टरला लिहिला आणि विषय संपला, ना फोन, ना परत बोलावणं. सहा आठवड्यांनी मीच घेऊन गेलो, परत नऊ प्रश्न विचारायला लावले, ६ आले. आकडा निम्म्यावर आला म्हणजे औषध लागू पडलंय, पण आम्ही गेलोच नसतो तर कळलं कुणाला असतं? माझं म्हणणं आहे की १० किंवा वर आलेल्या प्रत्येकाला महिन्याच्या आत परत बोलवायची तारीख तिथंच कार्डावर टाकावी, शुगरवाल्यांना देतात तशी. आणि प्रश्न विचारताना घरचं माणूस शेजारी नको म्हणजे नको.

अण्णा आता बैलांकडं स्वतः जातेत. पण त्यांच्या वतीनं उत्तरं देणाऱ्या आईला हे प्रश्न अजून कुणी विचारलेच नाहीत, तीही रात्री जागीच असायची. मंगळवारी तिला घेऊन जायलोय, मी बाहेरच थांबणार.