स्विचच्या देखरेखीसाठी लिब्रेएनएमएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

मॅनेज्ड स्विचवर (ज्याची स्थिती नेटवर्कवरून विचारता येते अशा स्विचवर) लक्ष ठेवणारं साधन निवडताना आलेखांची सजावट सोडा आणि दोनच गोष्टी तपासा: अमुक मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) कुठल्या पोर्टवर आहे आणि आत्ता रूट ब्रिज (बाकीचे स्विच ज्याला मुख्य मानतात तो स्विच) कोण आहे, हे ते सांगतं का? तीन कंपन्यांचे स्विच एकत्र असले की एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर नेमकं इथे अडतं. ही माहिती ब्रिज-एमआयबीत, म्हणजे एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलने वाचायच्या तक्त्यांत, १.३.६.१.२.१.१७ या क्रमांकाखाली असते (पुढचे १७ ने सुरू होणारे क्रमांक याचेच). लिब्रेएनएमएस हे नेटवर्क-देखरेखीचं सॉफ्टवेअर ती वाचतं, आणि तेही फुकट.

मॅक शोधण्याची मर्यादा मात्र माहीत हवी. ३०० सेकंद गप्प राहिलेला पत्ता स्विच सहसा विसरतो. लिब्रेएनएमएस स्विचचा मॅक-तक्ता डिस्कव्हरीच्या (उपकरणाच्या सविस्तर पाहणीच्या) वेळी, मूळ सेटिंगनुसार दर ६ तासांनी वाचतं. मधे येऊन गेलेला लॅपटॉप त्यात सापडणार नाही. तातडीचं काम असेल तर सरळ एसएनएमपीवॉक (तक्ता लगेच वाचणारी कमांड) चालवा. व्हीएलएएन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं) असतील तर १७.४.३ ऐवजी १७.७.१.२.२ बघा, जुन्या सिस्को कॅटॅलिस्टवर कम्युनिटीच्या (एसएनएमपीच्या पासवर्डसारख्या शब्दाच्या) शेवटी @१० असा व्हीएलएएन क्रमांक जोडून दर व्हीएलएएनला वेगळं विचारावं लागतं. उत्तरात येतो तो ब्रिज-पोर्टचा क्रमांक. इंटरफेस हवा असेल तर १७.१.४.१.२ मधून जुळवा, नाहीतर भलतीच केबल उपटली जाते.

मला सर्वात मोलाचा वाटतो तो स्पॅनिंग ट्रीचा, म्हणजे स्विचमधले लूप टाळणाऱ्या आणि रूट ब्रिज निवडणाऱ्या प्रोटोकॉलचा भाग. टोपॉलॉजी बदलांचा आकडा (१७.२.४) सतत वाढत असेल, तर बहुधा पीसीच्या पोर्टवर एज किंवा पोर्टफास्ट (इथे दुसरा स्विच नाही, असं सांगणारं सेटिंग) लावलेलं नसतं. पीसी चालू-बंद झाला की मॅक-तक्ते रिकामे होतात आणि ट्रॅफिक सगळ्या पोर्टवर पसरतो. सगळीकडे प्रायॉरिटी ३२७६८ च ठेवली तर सर्वात लहान मॅकवाला स्विच रूट होतो, आणि तो अनेकदा कोपऱ्यातला जुनाच निघतो. लहान आकडा जिंकतो, म्हणून कोअरला (मधल्या मुख्य स्विचला) ४०९६, पर्यायी स्विचला ८१९२ द्या.

एसएनएमपी व्हर्जन १ टाळाच. त्याचा ट्रॅफिक मोजणारा ३२ बिटांचा काउंटर पूर्ण भरलेल्या १ गिगाबिट लिंकवर ३४ सेकंदांत फिरून पुन्हा शून्यावर येतो. पोलिंग (काउंटर वाचणं) दर ५ मिनिटांनी, म्हणजे आलेख निरर्थक. किमान २सी, जमल्यास ३ वापरा, आणि परवानगी फक्त वाचनाची ठेवा.

हब आणि साधे (अनमॅनेज्ड) स्विच या साधनाला उत्तर देत नाहीत, पण लपतही नाहीत: एका टेबलाच्या पोर्टवर चार-पाच मॅक दिसले, की त्या टेबलाखाली वाकून बघा.