बाहेरच्या सिमेंट बोर्डावर गिलावा: कोणता बोर्ड घ्यावा, कोणता टाळावा

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या) फ्रेमवर बोर्ड लावून वर गिलावा करायचा म्हटलं की दुकानात पहिली चर्चा फिनिशची होते. सिलिकॉन की अ‍ॅक्रेलिक, दाणा दीड मिमीचा की दोनचा? भिंत फुटते ती मात्र बहुधा त्याच्या दोन थर खाली, बोर्डाच्या सांध्यात. म्हणून इथे परीक्षण बोर्डापासून सुरू केलं आहे. फिनिश शेवटी.

बाहेरच्या गिलाव्यासाठी सगळ्यात निर्धास्तपणे सुचवावा असा बोर्ड म्हणजे क्नॉफ या जर्मन कंपनीचा अ‍ॅक्वापॅनेल आउटडोअर. जाडी १२.५ मिमी, वजन चौरस मीटरला साधारण १६ किलो. गाभा पोर्टलँड सिमेंटचा, दोन्ही अंगांना काचतंतूंची जाळी. लाकूड नाही, कागद नाही, त्यामुळे पाण्याने फुगत नाही, कुजत नाही. पण त्याची खरी किंमत बोर्डात नसून सोबतच्या कागदात आहे. सांध्याचा फिलर, पट्टी, बेसकोट (फिनिशखालचा जाळी बसवायचा थर), जाळी, प्रायमर हे सगळं एकत्र तपासून दिलेलं असतं. बोर्ड आणायचा आणि वर मिळेल ती टाइलची ग्राउट (फरशीच्या फटीत भरायचा माल) भरायची, हा प्रकार केला तर महागडा बोर्ड घेण्यात काही अर्थ राहत नाही.

आपल्याकडे सहज मिळतो तो फायबर सिमेंट बोर्ड. खरेदीच्या वेळी आयएस १४८६२ या भारतीय मानकाप्रमाणे तो ‘टाइप ए’ म्हणजे बाहेरच्या वापराचा आहे का, एवढं आधी पाहा. ‘टाइप बी’ आतल्या कामाचा. बोर्ड म्हणून तो वाईट नाही. पण त्यात सेल्युलोज (लाकडाच्या लगद्याचे) तंतू असतात, ओल शोषली की लांबी वाढते आणि वाळली की आखडते. वरून रंग मारलेलं, सांधे उघडे ठेवलेलं क्लॅडिंग (भिंतीचं बाहेरचं आवरण) म्हणून तो उत्तम. सांधे झाकून एकसंध गिलावा करायचा असेल, तर कंपनीने तशी सिस्टीम लेखी दिली असेल तरच घ्या. ‘चालतं हो, सगळे करतात’ हे विक्रेत्याचं उत्तर लेखी नसतं.

बायसन पॅनेल, म्हणजे लाकडाच्या कणांचा सिमेंट बोर्ड, आतल्या पार्टिशनला आणि माळ्याला छान. बाहेरच्या पातळ गिलाव्याखाली त्याची हालचाल जास्त पडते, तिथे तो नकोच.

मॅग्नेशियम ऑक्साइड बोर्डाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तो हलका, स्वस्त आणि कापायला सोपा म्हणून गळ्यात मारला जातो. मॅग्नेशियम क्लोराइड वापरून बनवलेला बोर्ड दमट हवेत हवेतलं पाणी ओढतो आणि खारट थेंब गाळू लागतो. डेन्मार्कमध्ये २०१० नंतरच्या इमारतींत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. स्क्रू आणि धातूचे भाग गंजले. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा सतत तशीच दमट असते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. तिथे हा बोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नये.

ग्लासरॉक एक्स हा बोर्ड वेगळ्या जातीचा. गाभा जिप्समचा, वर काचतंतूंचं आवरण. वजनाला हलका, सुरीने कापता येतो. पण जिप्सम आणि ओलं सिमेंट यांचं जमत नाही, दोघांच्या संयोगातून फुगणारं संयुग तयार होतं. म्हणून त्यावर उत्पादकाने मान्य केलेलाच बेसकोट हवा आणि कापलेली कड उघडी राहता कामा नये.

आता गिलावा. कोंबडीची जाळी मारून १५ मिमी वाळू-सिमेंटचा थर चढवणं ही सर्वात मोठी चूक. त्याचं वजन चौरस मीटरला ३० किलोच्या घरात जातं, म्हणजे बोर्डाच्या जवळपास दुप्पट. शिवाय तो आखडतो कडकपणे, आणि खालची फ्रेम लवचिक. बोर्डाला हवा पॉलिमर मिसळलेला पातळ बेसकोट, ५ मिमीच्या आसपास. बाहेर व्हाइट सिमेंट पुट्टी तर अजिबात नको.

बोर्डांमध्ये ३ ते ५ मिमी फट ठेवा, उभे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. स्टड (फ्रेमचे उभे खांब) ६०० मिमीवर, स्क्रू २५० मिमीवर, कडेपासून १५ मिमी आत; डोकं बोर्डाशी समपातळीत, आत घुसवलेलं नाही. समुद्राजवळ स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच. फट फिलरने भरून त्यात १०० मिमी पट्टी दाबायची. तो थर वाळल्यावर पूर्ण भिंतीवर बेसकोट, त्यात चौरस मीटरला १६० ग्रॅमची अल्कलीरोधक (सिमेंटमध्ये न झिजणारी) जाळी. जाळी थराच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात यायला हवी. आधी बोर्डावर जाळी ताणून वरून माल फासला, तर जाळी तळाशी बसते आणि काहीच काम करत नाही. तुकडे एकमेकांवर १०० मिमी चढवा.

१०० चौरस मीटरला अंदाज असा: बेसकोट सुमारे ७०० किलो (हलका माल असेल तर कमी, पोत्यावरचा आकडा पाहा), जाळी ११० ते ११५ चौरस मीटर, दीडच्या दाण्याचं सिलिकॉन फिनिश साधारण २५० किलो, म्हणजे २५ किलोच्या दहा बादल्या. बेसकोट वाळायला दर मिलिमीटरला एक दिवस धरा, पावसाळी हवेत त्याहून जास्त. घाईत फिनिश मारलं की फुगे येतात.

फिनिशमध्ये पावसाच्या भागात सिलिकॉन. पाणी बाहेर ठेवतं, वाफ जाऊ देतं. अ‍ॅक्रेलिक स्वस्त, पण भिंतीला तितका श्वास घेऊ देत नाही. गडद रंग टाळा, पातळ थर उन्हात फार तापतो. हालचालीचा सांधा (भिंतीला प्रसरण-आकुंचनासाठी मुद्दाम ठेवलेली फट) अ‍ॅक्वापॅनेलला जास्तीत जास्त १५ मीटरवर; इमारतीचा स्वतःचा सांधा असेल तर तो गिलाव्यातही तसाच उघडा आणायचा, झाकायचा नाही.

भेग पाहून चूक ओळखता येते. सरळ उभी-आडवी भेग आली, तर सांध्याचा फिलर किंवा पट्टी चुकली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघाली, तर तिथे तिरपा जाळीचा तुकडा (२०० गुणिले ३०० मिमी) बसवलेला नाही, किंवा बोर्डाचा सांधा नेमका कोपऱ्यावर आला आहे. तिथे बोर्ड एल आकारात कापायचा असतो. नकाशासारख्या बारीक भेगा म्हणजे थर उन्हात झपाट्याने वाळला. पापुद्र्यासारखा निघाला, तर खाली धूळ राहिली किंवा बोर्ड-बेसकोट जुळलेच नाहीत.

ते जुळतात की नाही, हे ऑर्डर देण्यापूर्वी तपासता येतं. एका बोर्डावर चौरस मीटरभर बेसकोट लावा, जाळीचं टोक बाहेर लोंबकळत ठेवा आणि सात दिवसांनी ते ओढा. नुसती जाळी सुटून माल बोर्डावर राहिला तर घ्या. माल जाळीसकट उचलून आला, तर तो बेसकोट त्या बोर्डासाठी नाही.