देणगी पांडाला, हिमबिबट्याला की वेळासच्या वाळूला?

माझी आत्या गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली. दर वर्षी 24 हजार रुपये ‘प्राण्यांसाठी’ द्यायचे तिने ठरवले आणि मला फोन केला, ‘‘वाघ असो नाहीतर बेडूक, पण पैसे पोचतील असं ठिकाण सांग.’’ त्याच महिन्यात न्यू जर्सीतल्या मावसभावानेही हेच विचारले. प्रश्न एकच होता, उत्तरे मात्र दोघांना वेगळी द्यावी लागली.

रस्ते तीन आहेत. जगभर पसरलेली मोठी संस्था. पैसे गोळा करून ठिकठिकाणच्या स्थानिक भागीदारांना बळ देणारी मधली संस्था. आणि थेट गावातली किंवा तालुक्यातली संस्था.

शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण तो रस्ता आपल्या पायाखालचा आहे. मंडणगड तालुक्यातले वेळास म्हणजे नाना फडणवीसांचे गाव. इथल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात, एका घरट्यात साधारण शंभर. पूर्वी ही अंडी माणसे उकरून न्यायची, माणसांच्या तावडीतून सुटली तर कोल्ही-कुत्री खायची. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथे काम सुरू केले. पहाटे किनारा चालायचा, मादीच्या वाळूतल्या खुणा शोधायच्या, अंडी कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि पन्नासेक दिवसांनी वर झाकलेली टोपली उचलून पिल्ले निघाली का ते बघायचे. तंत्र एवढेच. खरी मेहनत गावाला पटवण्यात होती. कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहू-जेवू लागले, आणि खाल्लेल्या अंड्यापेक्षा समुद्राकडे धावणारे पिल्लू गावाला जास्त देऊ लागले. वनखातेही सोबत आले आणि कोकणातल्या इतर किनाऱ्यांवर हीच पद्धत पोचली.

अशा ठिकाणी आत्याचे 24 हजार ही खरोखर रक्कम असते. त्यातून पहाटे चालणाऱ्या माणसाचे मानधन निघते. मोठ्या संस्थेच्या हिशेबात तेवढे पैसे कुठे गेले हे कुणालाच सांगता येणार नाही.

पण छोट्या संस्थांचे गोडवे गाताना लोक काही गोष्टी गिळतात. काम बहुतेकदा एका-दोघांच्या खांद्यावर असते. ते थकले की संस्था थकते. हिशेब ठेवायला वेगळा माणूस नसतो. एका छोट्या संस्थेकडून मला पावती आठ महिन्यांनी मिळाली, तीही चुकीच्या नावाची. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गावाची सत्ता किनाऱ्यावर संपते. अंडी वाचली तरी ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून मादी बुडू शकते. जाळ्याला कासवासाठी सुटकेची झडप बसवायला लावणे हे वेळासच्या हातातले काम नव्हे.

मोठ्यांची गरज इथे लागते, आणि त्यासाठी गिधाडांचे उदाहरण मला सगळ्यात पटते. नव्वदच्या दशकात आपली गिधाडे झपाट्याने संपू लागली तेव्हा कारण कुणालाच कळेना. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून ते उघड झाले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले की ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. भारताने 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केले. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक या तशाच औषधांवरही बंदी आली. प्रयोगशाळा, सुरक्षित पर्यायाच्या चाचण्या, दिल्लीतला पाठपुरावा, हरियाणातल्या पिंजोरचे गिधाड-प्रजनन केंद्र, हे कुठल्याही ग्राममंडळाला झेपणारे नव्हते. पिंजोरमागे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस), हरियाणाचे वनखाते आणि ब्रिटनची पक्षी-संरक्षण संस्था असे तिघे उभे होते. तिथली गिधाडे जानेवारी 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली.

पण आकार वाढला की जमीन लांब जाते. पांडाच्या बोधचिन्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ ही जगभर पसरलेली संस्था 1961 पासून काम करते आहे, आणि तिने केलेले काम नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तिचा पैसा मिळणाऱ्या काही जंगलांत वनरक्षकांनी स्थानिक लोकांवर अत्याचार केल्याचे आरोप झाले. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्ले (Navi Pillay) यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने 2020 मध्ये अहवाल दिला. संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी अत्याचार केल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही, पण मानवी हक्कांबाबत दिलेली वचने संस्थेने नीट पाळली नाहीत असे तिने स्पष्ट म्हटले. देणगीदार म्हणून मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते: जंगलात राहणाऱ्या माणसाचे म्हणणे संस्थेत कुठपर्यंत पोचते, हे विचारल्याशिवाय चेक फाडू नये.

मधल्या रस्त्याबद्दल मला सुरुवातीला शंकाच होती. मध्ये आणखी एक हात म्हणजे आणखी एक टक्का, असा आपला हिशेब. हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बर गावाने तो बदलला. हिमबिबट्या रात्री गोठ्यात शिरला की एका फटक्यात अनेक मेंढ्या मारतो, आणि मग गाव त्याला सोडत नाही. सिएटलच्या ‘स्नो लेपर्ड ट्रस्ट’ने (स्थापना 1981) तिथे आपले कार्यालय थाटले नाही. म्हैसूरची ‘नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन’ भागीदार झाली, आणि 2002 मध्ये गावाने गुरांचा विमा सुरू केला. हप्ता घरटी भरायचा आणि जनावर खरेच बिबट्याने मारले का हे गावाचीच समिती ठरवणार. शेजाऱ्यासमोर खोटा दावा कोण करणार? बाहेरून आलेला इन्स्पेक्टर हे कधीच करू शकला नसता.

आसामची हरगिला ही याच जातीची गोष्ट. हाडे गिळणारा, कचऱ्यावर जगणारा हा थोराड करकोचा अपशकुनी मानला जायचा. परसातल्या झाडावर घरटे दिसले की लोक झाड तोडत. पूर्णिमा देवी बर्मन यांनी दादरा आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना हाताशी धरले आणि पक्ष्याचे चक्क डोहाळजेवण सुरू केले. बायका हातमागावर हरगिलाची नक्षी विणू लागल्या, त्यातून चार पैसे मिळू लागले. या गावांत 2010 मध्ये 28 घरटी होती, ती पुढे 250 च्या वर गेली. ब्रिटनच्या ‘व्हिटली फंड फॉर नेचर’ने त्यांना 2017 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये पुरस्कार दिला. आधी काम, मग पैसा, आणि काही वर्षांनी परत येऊन त्याच माणसाला पुन्हा पैसा: मधली संस्था चांगली की नाही हे मी या क्रमावरून ओळखते. दरवर्षी नवा प्राणी, नवे पोस्टर असा प्रकार दिसला की मी दूर राहते.

‘प्रशासकीय खर्च किती?’ हा सगळ्यांचा आवडता प्रश्न मी मात्र शेवटी विचारते. या क्षेत्रात पगार हेच काम असते. किब्बरमध्ये वर्षानुवर्षे जाऊन राहणाऱ्या माणसाचा पगार वाचवून कोणता बिबट्या वाचणार?

आता कायदा, कारण निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो. परदेशी पैसा घ्यायला भारतातल्या संस्थेकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी नोंदणी असलेली मोठी संस्था पैसे घेऊन गावातल्या मंडळाला देऊ शकत असे; ती वाट बंद झाली. म्हणजे आपल्याकडे मधला रस्ता अरुंद झाला आहे, आणि देशातल्या देशात दिलेल्या थेट देणगीचे मोल वाढले आहे. आत्याला देणगीवरच्या करसवलतीची पावती मिळेल, पण ती नव्या करप्रणालीत असेल तर सवलत नाही. आणि 2 हजारांवरची रोख देणगी जुन्या प्रणालीतही सवलतीत धरत नाहीत.

आत्याला मी सुचवले: 18 हजार एका स्थानिक संस्थेला, पण तीन वर्षे सलग देईन असे लेखी कळवून, कारण पुढच्या हंगामाला माणूस ठेवायचा तर त्यांना आत्ता ठाऊक असायला हवे. उरलेले 6 हजार गिधाडांसारखे लांब पल्ल्याचे काम करणाऱ्या मोठ्या भारतीय संस्थेला. तिने ऐकले, फक्त आकडे 20 आणि 4 केले.

मावसभाऊ आता अमेरिकन नागरिक आहे, त्यामुळे त्याचा पैसा परदेशी ठरतो. त्याच्यासाठी तिथेच नोंदलेली, स्थानिक भागीदारांसोबत काम करणारी मधली संस्था सरळ पडते. त्याचे डॉलर मंगोलियातल्या किंवा किर्गिझस्तानातल्या पशुपालकांपर्यंतही जातील. तो जरा हिरमुसला, त्याला कोकणातच द्यायचे होते. पण वहिनीचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, आणि भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. कोकणचे खाते आता वहिनीकडे आहे.