वीस टनी पोकलेनवर कोड स्कॅनर: एक हंगाम वापरून झाल्यावर

मशीनमधले बिघाडाचे कोड वाचणारा हा स्कॅनर घेतला तो सर्व्हिसवाल्याशी झालेल्या वादानंतर. पावसाळाभर मशीन अमळनेरकडच्या एका शेतात उभं होतं. काळ्या मातीतून चेनचं मशीनही पावसात काढता येत नाही, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. वाफसा आल्यावर चालू केलं तर चेक लाईट लागलेली आणि आरपीएम चढेना. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, मशीनमा दमच नही शे." सर्व्हिसचा इंजिनिअर आला, लॅपटॉप लावला, चार कोड बघितले आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कंप्युटर) गेलं म्हणून सांगितलं. कोटेशन लाखाच्या वर, व्हिजिटचे पैसे वेगळे. मी विचारलं, ऑइल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचं प्रेशर) आणि रेल प्रेशर (डिझेलचं) हे तीन सेन्सर एकदम कसे बिघडतील? तो म्हणाला, म्हणूनच तर ईसीएम. मला पटलं नाही. व्हिजिटचे पैसे दिले, कोटेशनवर सही केली नाही आणि तेरा हजारांचा हातातला स्कॅनर मागवला.

स्कॅनर चोवीस व्होल्टचा आहे याची आधी खात्री करा. कारचा बारा व्होल्टवाला डोंगल जुगाड करून पोकलेनला लावला तर जळू शकतो.

कोड होते 100-4, 102-4, 157-4 आणि 3509-4. पुढचा आकडा एसपीएन, म्हणजे कुठला भाग. मागचा एफएमआय, म्हणजे त्याला काय झालंय. आपल्याकडे सगळे पुढचाच आकडा वाचतात आणि तो पार्ट मागवतात. खरी माहिती मागच्या आकड्यात असते. चारही कोडांत 4 आहे, म्हणजे व्होल्टेज हवं त्यापेक्षा कमी किंवा वायर अर्थला लागलेली. आणि 3509 हा कुठला सेन्सर नाहीच, ती सेन्सरांना जाणारी पाच व्होल्टची सप्लाय आहे. माझ्या इंजिनात तिन्ही सेन्सर त्याच लाईनवर आहेत. लाईन एका जागी अर्थ झाली की तिघेही एकदम ओरडणार. एवढं कळल्यावर काम सोपं होतं: चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरच्या स्क्रीनवर सप्लायचं व्होल्टेज बघत राहायचं आणि एकेक सेन्सरचा सॉकेट काढत जायचं. तिन्ही सॉकेट काढले तरी पाच व्होल्ट आले नाहीत, म्हणजे दोष सेन्सरांत नाही, वायरिंगमध्ये किंवा ईसीएममध्ये; आधी वायरिंग बघायचं. साईड कव्हर उघडून हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) जाळी सोलली तर उंदरांनी कुरतडलेली वायर ब्रॅकेटला टेकलेली. तेवढा तुकडा बदलून वर स्लीव्ह चढवली. चारही कोड गेले, ईसीएम आजही तेच आहे.

आता या वस्तूची खोट सांगतो. तिची केबल. जेमतेम दीड मीटर. माझ्या मशीनचा नऊ पिनांचा पोर्ट केबिनमध्ये सीटच्या मागे आहे आणि इंजिन पार मागच्या टोकाला. म्हणजे हात वायरिंगवर असताना डोळ्यांना स्क्रीन दिसत नाही. अर्धे फॉल्ट सापडतात ते वायर हलवून. हार्नेस हलवायचा आणि त्याच क्षणी आकडा उडतो का बघायचं. इंजिन चालू असताना केबिनमधून ऑपरेटरने ओरडून सांगितलेला आकडा मागे ऐकू येत नाही. आला तरी उशिरा येतो, आणि उडालेला आकडा तोवर जागेवर बसलेला असतो. बनवणाऱ्याने हे उपकरण ट्रकसाठी धरलं असणार, तिथे चालत असेल. पण खोक्यावर एक्स्कॅव्हेटरचं चित्र छापायचं आणि केबल दीड मीटरची द्यायची, याचा मला मनापासून राग आहे. विक्रेत्याला लिहिलं तर लांब केबल मिळत नाही असं उत्तर आलं. शेवटी जळगावात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून वाढीव केबल करून घेतली, अठराशे रुपये लागले. करून घेणार असाल तर सी आणि डी पिनांच्या दोन वायरी एकमेकींना पीळ दिलेल्याच घ्यायला सांगा. त्या डेटाच्या आहेत. सरळ टाकल्या तर अल्टरनेटर, सोलेनॉइडचा विजेचा त्रास पकडतात.

सुरुवातीला माझं मत असं होतं की हायड्रॉलिकसाठी हा स्कॅनर निकामी आहे. इंजिनचे कोड नावासकट येतात. पंपाच्या, बूम-आर्मच्या कंट्रोलरचे मात्र नुसते आकडे, 516096 च्या पुढचे. तिथून पुढचे नंबर कंपन्यांना स्वतःचे म्हणून मोकळे सोडलेत, आणि त्यांचा अर्थ कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच असतो. मशीन माझं, पैसे माझे आणि कोडाचा अर्थ मात्र मला मिळू नये, हे मला आजही मान्य नाही.

पण उन्हाळ्यात मत बदललं. पारोळ्याकडे बोरीच्या एका नाल्याचं खोलीकरण चालू होतं (शिरपूर पॅटर्न गाजल्यापासून आपल्या भागात हे काम भरपूर आहे), आणि पंप मध्येच मंद पडायचा. स्कॅनरने नाव नसलेला एक नंबर दाखवला, पण मागे एफएमआय 5. हा आकडा सगळ्या कंपन्यांचा एकच: करंट कमी, सर्किट तुटलेलं. प्रेशर वाढलं असतं, तेल गरम झालं असतं तर 5 आला नसता. शिवाय शेवटच्या रकान्यात ओसी असतो, कोड किती वेळा आला त्याची नोंद, 126 पर्यंत मोजतो. तो सारखा चढत होता. येतो-जातो करणारा फॉल्ट म्हणजे आधी सॉकेट बघायचा. पंपाच्या प्रपोर्शनल सोलेनॉइडचा (करंटप्रमाणे पंप कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्वचा) सॉकेट उघडला, एक पिन सैल. नाव न कळताही दोष सापडला. तेव्हापासून हायड्रॉलिकसाठी निकामी असं म्हणत नाही.

त्याच उन्हाळ्यात 110 पण आला, कूलंट टेंपरेचर. मागे 0 असेल तर इंजिन खरंच तापलंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकलेले असतात. तिथे स्कॅनरचं काम नाही, जाळी साफ करा. मागे 3 (व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त) किंवा 4 असेल तर पाण्याला हात लावू नका. 4 असताना सेन्सरचा सॉकेट काढा: कोड 3 झाला तर वायरिंग ठीक आणि सेन्सर शॉर्ट, 4 च राहिला तर वायर अर्थला लागलीय. या तपासाला पैसा लागत नाही.

आणि 639 (कंट्रोलरांना जोडणाऱ्या डेटा लाईनचा कोड) आला, किंवा स्कॅनर मशीनशी बोलायलाच तयार नसेल, तर स्कॅनर बाजूला ठेवून चारशेचा मल्टिमीटर घ्या. बॅटरी स्विच बंद करून सी-डी पिनांमध्ये ओहम मोजा. साठच्या आसपास पाहिजे, कारण लाईनच्या दोन टोकांना 120 चे दोन रेझिस्टर असतात. 120 आला तर एक टोक सुटलंय. प्रेशर पंपाने मशीन धुतल्यावर माझ्याकडे हे झालं, सॉकेटमध्ये पाणी होतं.

एकच ट्रॅक्टर-ट्रॉली आणि जुनं मेकॅनिकल पंपाचं मशीन असेल तर हा खर्च करू नका. कॉमनरेल (ईसीएमवर चालणाऱ्या डिझेल सिस्टिमच्या) इंजिनचं पोकलेन असेल तर घ्या, पण केबलचे अठराशे धरून किंमत मोजा. दुसरं मशीन घेताना मी विक्रेत्याकडून कोडांची छापील यादी हातात पडल्याशिवाय शेवटचा चेक देणार नाही.