घरकुलांसाठी बीएलसी की एएचपी? छोट्या नगरपरिषदेनं काय निवडावं

प्रधानमंत्री आवास शहरी 2.0 सप्टेंबर 2024 पासून सुरू झाली. आता छोट्या नगरपरिषदेपुढं प्रश्न असा की लोकांना त्यांच्याच जागेवर घर बांधायला पैसे द्यायचे (बीएलसी) का पालिकेनं जागा काढून बिल्डिंगा उभ्या करायच्या (एएचपी). निधी बघाल तर दोन्हीकडं सारखाच, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, म्हणजे घरामागं अडीच लाख. त्यामुळं खरं बघायचं ते एवढंच की वरचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो.

बीएलसीत तो कुटुंबावर पडतो. तीनशे-सव्वातीनशे स्क्वेअर फुटाचं पक्कं घर आजच्या सिमेंट-सळईच्या भावात अडीच लाखात होत नाही, आणि पैसेही एकदम मिळत नाहीत, जोता झाला की इंजिनिअर येऊन मोबाईलवर फोटो काढणार, जिओ टॅगिंग (फोटोसोबत जागेची नोंद) होणार, मग हप्ता, पुढं लिंटेल (दार-खिडकीवरची पट्टी), मग स्लॅब. एखादा हप्ता लांबला की भिंती लिंटेलला येऊन थांबतात आणि जुनं घर पाडून बसलेलं कुटुंब तोवर भाडं भरत राहतं, त्यात पावसाळा तोंडावर असला तर फार हाल होतात. पालिकेचं मात्र बरं, वस्ती जुनीच असल्यानं रस्ता-गटार बहुतेक आधीच असतं. पण जागा नावावर हवी. सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड नाही, की अर्ज तिथंच अडकला, आणि सगळ्यात गरजू माणसं नेमकी त्यातच असतात.

त्यांच्यासाठी एएचपी. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर ही वसाहत आवास योजनेच्या आधीच्या टप्प्यात याच घटकातून उभी राहिली, विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी, 30 हजार घरांचा प्रकल्प, त्यातली 15 हजार जानेवारी 2024 मध्ये दिली. मोठं काम आहे, मनापासून कौतुक वाटतं. पण एवढी घरं म्हणजे अख्खं गावच, त्याला पाण्याची टाकी, ड्रेनेज, शाळा, बस सगळं लागतं आणि घरामागचे अडीच लाख घरातच संपतात, म्हणजे हा वरचा खर्च पालिकेच्या अंगावर.

भाड्याच्या घरांचाही एक घटक आहे, पण बाहेरून येणारे कामगार भरपूर असतील तरच.

माझं मत विचाराल तर आधी बीएलसी घ्या, आणि अतिक्रमणातल्या ज्या जागा नियमानुकूल होऊ शकतात त्यांचे पट्टे लवकर द्या, म्हणजे ती कुटुंबंही यात बसतील. एएचपीचा ठराव त्यानंतर, आणि तोही पाणीपुरवठा विभागानं त्या जागेला रोज किती पाणी देणार हे लेखी दिल्यावरच.