नदीवरच्या पंपाला मोबाइल स्टार्टर: लागणीपासून खोडव्यापर्यंतचा अनुभव

ज्यांची मोटार घरामागच्या विहिरीवर आहे त्यांनी या भानगडीत पडू नये, साधा स्टार्टर बास. आमचा ५ एचपीचा पंप निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला, घरापासून लांब. थ्री फेज लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. दोन्हीकडं ऊस उभा असला की पाणंदीत बॅटरी लावूनही पायाखालचं दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या पेटीला हे सिमवालं यंत्र जोडून घेतलं. लागणीच्या वेळी बसवलं, आता तोच फड तोडणीनंतर पुन्हा फुटून खोडव्याला आलाय.

वापरायला सोपं आहे. फोन लावायचा, आमच्यात एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. लाइट आली-गेली की यंत्रच फोन करतं. दुकानदारानं आवाज कन्नड ठेवून दिला होता. बदलता येतो, पण वडिलांनी बदलू दिला नाही. ‘मोटार ऑन आगिदे’ ऐकलं की कूस बदलून झोपतात.

दुकानात सगळे विचारतात चालू कसं होतं. आमचे पैसे वसूल झाले ते बंद होण्यावर. पाणी उचलताना आमची मोटार सात-साडेसात अँपिअर घेते. फुटव्हॉल्व्हला, म्हणजे पाण्यातल्या पाइपच्या टोकाच्या झडपेला, पालापाचोळा अडकला किंवा पंपानं पाणी सोडलं की आकडा घसरतो, आणि यंत्र मोटार बंद करून ‘ड्राय रन’, म्हणजे पंप कोरडा चालल्याचं कळवतं. उन्हाळ्यात पाटगाव धरणातून पाणी सुटेपर्यंत बंधाऱ्यातली पातळी उतरत जाते, तेव्हा हे हमखास होतं. पूर्वी अशा वेळी आधी सील जायचं, मग वायंडिंग. एखादी फेज गेली तरी यंत्र तसंच थांबवतं. मात्र किती अँपिअरच्या खाली मोटार बंद व्हायची तो आकडा पंप भरून पाणी टाकत असताना, मीटर लावूनच बसवून घ्या. अंदाजानं बसवला तर चांगली मोटारही उगाच बंद पडत राहते.

ऑटोची, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू व्हायच्या सोयीची, गोष्ट वेगळी. आमच्या टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) बरेच पंप आहेत. सगळ्यांनी ऑटो लावलं की लाइट आल्या क्षणी सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळं व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो आणि मग कुणालाच पाणी नाही. यंत्रात उशिराची सोय असते. शेजाऱ्यांनी मिळून प्रत्येकाची वेगळी मिनिटं ठरवली, तेव्हापासून फ्यूजचा त्रास बराच कमी झाला. एक काका अजून शून्यावर ठाम आहेत. नदी पहिली त्यांच्या बांधाला लागते म्हणे!

१० एचपीपर्यंतच्या पंपाला कर्नाटकात बिल येत नाही, त्यामुळं ऑटो लावून विसरणं फार सोपं. जास्तीच्या पाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनी अथणी-चिक्कोडीकडं जाऊन बघा. म्हणून टायमर लावल्याशिवाय आम्ही ऑटो लावत नाही. आणि यंत्राला मोटार कळते, सरी कळत नाही. पाट फुटून सगळं पाणी ओढ्याला गेलं तरी फोनवर सगळं व्यवस्थितच. ठिबक असेल तर निवांत झोपा, पाटपाणी असेल तर पाणी पाजायला माणूस लागतोच. रात्रीची एक फेरी वाचते, सगळी रात्र वाचत नाही.

सिमचं बघून घ्या. आमचं यंत्र टूजीवर चालतं, नुसतं फोरजीचं सिम त्यात चालत नाही. घेतानाच फोरजीचं यंत्र मिळालं तर बरं. इंटरनेटच्या रिचार्जची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) फक्त कॉल-एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला कंपन्यांना सांगितलं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. तसलाच टाका. मुदत संपली की नेमकं पाण्याच्या पाळीला यंत्र मुकं होतं.

पेटी २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर बसवलीय. तरी पावसाळ्याच्या तोंडाला मोटारीबरोबर तीही काढून घरी आणतो.

कोल्हापुरात हेच यंत्र थोडं स्वस्त मिळत होतं. आम्ही निपाणीतच घेतलं, कारण बोर्ड बिघडला की दुकानदाराला मोटारसायकलवर बसवून थेट नदीवर नेता येतं.