लोकरीची बैलजोडी घेतली, त्याचा अनुभव

मी गेली चौदा वर्षं ब्लाउज शिवते, आर्वी तालुक्यात. कुणाचंही शिवणकाम हातात आलं की आधी उलटं करून आतली शिलाई पाहायची खोड लागली आहे. शेजारच्या गावातली एक सून लोकरीची खेळणी आणि कापडी वस्तू करते. यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं खेळण्यातले बैल मिरवतात त्या सणाला, मुलासाठी लाकडी नंदीऐवजी तिच्याकडची बैलजोडी घेतली. जोडीचे ६०० रुपये, दोन झुलींचे १६० आणि जुन्या लुगड्याच्या पिशवीचे १५०.

बैल पाहून मी खरंच चाट पडले. वशिंड, गळ्याखालची पोळी, कानाची लव, सगळं जागच्या जागी, आणि कुठेही टाका नाही! तिच्या ओसरीवर बसून पाहिलं. स्पंजावर लोकरीचा गोळा ठेवते आणि बारीक खाचांच्या सुईनं टोचत राहते. खाचेत अडकून लोकर आत जाते, तंतू एकमेकांत गुंततात, गोळा घट्ट होतो. सासूबाई सोबत होत्या, त्या म्हणाल्या, "काऊन टोचून राह्यली वं त्या बैलाले?" आत धनगराकडची काळी, जाडीभरडी लोकर आहे, घोंगडीला वापरतात ती. वरून पांढरी, मऊ. आधी घरची रुई वापरून पाहिली म्हणे, पण ती काही धरेना. लोकरीच्या तंतूला खवले असतात म्हणून ती गुंतते. इतका कापूस पिकवून आपल्याला बैल काही त्याचा करता येत नाही.

आता झूल. वरून छान, आरसे नीट बसवलेले. उलटी केली तर माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडायचं जास्तीचं कापड, जेमतेम दोन सूत, पाव इंच! दोनदा ओढली की उसवणार. कडेला इंटरलॉक नाही, साधी तुरपाईसुद्धा नाही. हात इतका नाजूक चालतो आणि शिवताना मात्र एवढी घाई कशाची, कोण जाणे. पिशवी तर घेऊच नका. बंद नुसते वरवर टीप मारून जोडलेले होते, दोन किलो कांद्यात एक सुटला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी घरच्या बैलांची खांदमळणी चालली होती. माझ्या पोट्ट्यानं पाहिलं आणि आपल्या बैलाच्याही खांद्याला हळद-तूप चोळलं. सकाळी गोठ्यातले बैल धुतले, मग यानंही एकाला बादलीतल्या कढत पाण्यात घातलं आणि साबण लावून खसाखसा घासलं. हळद साबणानं आधी लालभडक झाली, मग पुन्हा पिवळी. निघाली काही नाही. बैल मात्र आटला. आधी वीतभर होता, आता चार बोटं कमी, आणि इतका टणक की टेबलावर आपटला तर आवाज येतो. एका पायातून तारही बाहेर आली. लहान मूल असेल तर आत तार आहे का, हे आधी विचाराच. मला तिनं सांगितलं नव्हतं.

तरी पोरगं तोच बैल घेऊन मिरवलं आणि बोजाराही, म्हणजे बैल घेऊन येणाऱ्या पोरांना देतात तो खाऊ-पैसा, त्यालाच जास्त मिळाला.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे घेऊन गेले. तिनं तार आत वळवून वर लोकर टोचली, पैसे घेतले नाहीत. गरम पाणी, साबण आणि घासणं, लोकर घट्ट करायची हीच तर दुसरी रीत, असं म्हणत हसत बसली. मीही मग झूल उसवून माया कशी सोडायची ते दाखवलं. बैल घ्या, झूल सांगून शिवून घ्या. पांढरा मात्र घेऊ नका, घरात हळद असतेच.

जोडी विजोड दिसते म्हणून पोरगं रडत होतं, तर दुसरा बैलही तिनं ठेवून घेतला आहे. धुऊन, आटवून आठ दिवसांनी देते म्हणाली.